दोन फोटोंमधली तुटक रेघ

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण ‘राजा हरिश्चंद्र’पासून सुरुवात करतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात तो लागला, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच्या आधीचा नायक मात्र सहसा कुणाला आठवत नाही. तो होता वाटाण्याचा एक दाणा. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले तेव्हा यंत्र हाताशी होते, विद्या हाताशी होती, भांडवल तेवढे नव्हते. पैसेवाल्यांना या नव्या कलेची ताकद पटवायची कशी? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ, अंतराअंतराने, त्याची वाढ फ्रेम-फ्रेम करून टिपली. पडद्यावर ती जेमतेम मिनिटभराची चित्रफीत झाली. दाणा फुटतो, कोंब माती सारून वर येतो, बघता बघता रोप उभे राहते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती ओळखली जाते. ती पाहिल्यावर कर्जाऊ पैसा उभा राहिला आणि पुढचा इतिहास घडला.

आज या प्रकाराला आपण टाइमलॅप्स म्हणतो. मोबाइलमधले एक बटण दाबले की ढग धावू लागतात, फुले उमलतात, उड्डाणपूल उभे राहतात. बटण इतके सोपे असल्यामुळे एक समज पक्का झाला आहे : कॅमेऱ्याने फोटो काढले, ते एकामागोमाग लावले, झाली फिल्म. प्रत्यक्षात गंभीरपणे केलेल्या टाइमलॅप्समध्ये फोटो काढून झाल्यावर अर्धे काम उरलेले असते. उजेड सारखा करायचा, हललेली चौकट जागेवर आणायची, नको ते पुसायचे, कमी पडलेल्या फ्रेम भरायच्या. या संस्कारांतून गेल्यावरच ती आपल्यासमोर येते.

हा विषय फक्त छायाचित्रकारांचा असता तर वाङ्मयीन अंकात त्याला जागा मागण्याचे कारण नव्हते. पण आता टाइमलॅप्स पुरावा म्हणून वापरला जातो. हिमनदी किती मागे हटली, शहर किती पसरले, जंगलाला पालवी कधी फुटली, हे सांगायला तो पुढे केला जातो. आणि आपण ‘डोळ्यांनी पाहिले’ म्हणून त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून त्या मधल्या कामाची पायरी-पायरीने ओळख करून घ्यायला हवी. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ठरवत असते, की फोटोतला कोणता बदल खरा आणि कोणता दोष.

दिवसाला बत्तीस

सुरुवात साध्या अंकगणिताने होते. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या, तर एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. महिन्याच्या तीस दिवसांत त्या सारख्या वाटल्या तर दिवसाला ३२, म्हणजे पाऊण तासाला एक. आजच्या व्हिडिओला सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर दहा सेकंदांच्या दृश्याला २५० फोटो हवेत. दोन तास चालणारा सूर्यास्त दर दहा सेकंदांनी टिपला, तर ७२० फोटो होतात आणि पडद्यावर तो एकोणतीस सेकंदांत आटोपतो.

न्यूयॉर्कचे स्टार थिएटर १९०१ साली पाडले गेले, तेव्हा समोरच्या इमारतीतून ते काम असेच टिपले गेले होते. दर चार मिनिटांना एक फ्रेम, दिवसाचे आठ तास. म्हणजे दिवसाला १२० फ्रेम. अख्खी इमारत पडद्यावर वितळल्यासारखी खाली आली. चित्रपटगृहांना ती फीत उलटी चालवून इमारत ‘बांधून’ दाखवण्याचीही सोय होती. लोक हसत, टाळ्या वाजवत. काळ आता उलटाही फिरवता येतो, हे त्यांनी इतक्या सहज स्वीकारले.

दोन फोटोंमधले अंतर हा टाइमलॅप्सचा पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय. तो चुकला तर नंतरच्या कुठल्याही संस्काराने दुरुस्त होत नाही. हे समजायला गिरगाव चौपाटीचे उदाहरण घेऊ.

पंधरा दिवसांची भरती

कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि दिवसातून दोनदा येते, या दोन गोष्टी त्या हिशेबात सामावलेल्या आहेत.

आता समजा कुणी वर्षभर रोज दुपारी ठीक बारा वाजता चौपाटीचा एक फोटो काढला. ३६५ फोटो, साडेचौदा सेकंदांची फिल्म. पौर्णिमेच्या फोटोत बाराला भरती असेल, पाणी वर आलेले. रोज भरती थोडी पुढे सरकत अष्टमीला सहावर पोचेल, म्हणजे बाराला ओहोटी. अमावास्येला पुन्हा बाराला भरती. पडद्यावर काय दिसेल? पाणी संथपणे आठवडाभर मागे जाते, आठवडाभर पुढे येते. पंधरवड्याला एक भरती, वर्षात पंचवीसेक. प्रत्यक्षात त्या वर्षात सातशेहून अधिक भरत्या येऊन गेल्या.

या फिल्ममधला प्रत्येक फोटो खरा आहे. एकाही फोटोत फेरफार नाही. तरी फिल्म जे सांगते ते खोटे आहे. चित्रपटात बग्गीची चाके उलटी फिरताना दिसतात, तोच हा प्रकार. संकेतशास्त्रातला नियम असा, की एखादे आवर्तन ओळखायचे तर त्याच्या प्रत्येक फेऱ्यात दोनाहून अधिक नोंदी हव्यात. साडेबारा तासांच्या भरतीसाठी सहा तासांहून कमी अंतर हवे, आणि ती नीट वाहती दिसायला त्याहूनही पुष्कळ कमी. संगणकावर नंतर कितीही कसब लावले तरी न काढलेला फोटो परत येत नाही.

टाइमलॅप्स पाहताना पहिला प्रश्न म्हणूनच हा : दोन फोटोंमध्ये किती वेळ गेला, आणि दाखवलेली घटना त्याहून हळू चालते का?

लुकलुक

फोटो हाती आले. ते नुसते एकापाठोपाठ लावून पाहिले, की पहिल्यांदा खुपते ती लुकलुक; छायाचित्रकार तिला फ्लिकर म्हणतात. आकाश सेकंदाला चार-पाचदा उजळते आणि मंदावते, जुन्या ट्यूबलाइटसारखे.

कारणे यंत्रातच असतात. लेन्समधल्या अ‍ॅपर्चरच्या पात्या प्रत्येक फोटोच्या वेळी मिटतात आणि पुन्हा उघडतात. प्रत्येक वेळी त्या अगदी त्याच जागी थांबत नाहीत. केसभर फरक राहतो. एका फोटोत तो डोळ्याला कळत नाही, शेकडो फोटो भराभर दाखवले की कळतो. कॅमेरा स्वतः उजेड ठरवत असेल, तर फ्रेममधून पांढरी एसटी गेली तरी तो बावचळतो आणि अख्खा फोटो काळवंडवतो. रंगांचा समतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, स्वयंचलित ठेवला तर एक फोटो निळसर, पुढचा पिवळट. जाणकार म्हणूनच सगळे हाताने पक्के करून ठेवतात आणि अ‍ॅपर्चर शक्यतो पूर्ण उघडे, म्हणजे पात्यांना हालचाल करायलाच नको.

तरीही जी लुकलुक उरते ती संगणकावर काढतात. रीत सोपी आहे. प्रत्येक फोटोची सरासरी उजळता मोजायची. समजा ती अनुक्रमे १००, १००, १०६, ९९, १०१ आली. आजूबाजूच्या फोटोंची सरासरी काढून एक गुळगुळीत रेषा आखायची आणि जो फोटो रेषेबाहेर गेला त्याला रेषेवर आणायचे. रेषा १०० सांगत असेल, तर १०६ च्या फोटोतल्या प्रत्येक बिंदूला १०० भागिले १०६, म्हणजे सुमारे ०.९४ ने गुणायचे.

हा गुणाकार कशावर करायचा यालाही महत्त्व आहे. मोबाइलचा नेहमीचा जेपेग फोटो प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या साठवतो. चांगल्या कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. शिवाय रॉ फाइलमधले आकडे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात असतात, तर जेपेगमध्ये ते डोळ्याला बरे दिसावेत म्हणून आधीच वाकवलेले असतात. वाकवलेल्या आकड्यांना गुणले की सावल्या एक सांगतात आणि उजेड दुसरेच. रॉ फाइलींना जागा फार लागते, हजार फोटो सहज पंचवीस-तीस गिगाबाइट खातात, पण टाइमलॅप्स करणारे ती किंमत मोजतात ती याच कारणाने.

आता अवघड प्रश्न. ती गुळगुळीत रेषा किती फोटोंच्या सरासरीवर काढायची? पाच फोटोंवर काढली तर थोडी लुकलुक शिल्लक राहते. शंभरांवर काढली तर फिल्म लोण्यासारखी मऊ होते. पण मध्येच डोंगरावरून ढगाची सावली सरकत गेली असेल, तर ती खरी सावलीही ‘दोष’ म्हणून पुसली जाते. सावली आणि पात्यांची चूक यांतला फरक त्या आकड्यांना कळत नाही. तो माणसाला ठरवावा लागतो. म्हणून चांगला संपादक अख्ख्या फोटोची सरासरी न घेता बदलू नये असा एक तुकडा निवडतो, एखादी सावलीतली भिंत किंवा खडक, आणि तेवढ्यावरून मोजतो.

वैज्ञानिकांसाठी हा निर्णय आणखी नाजूक. अमेरिकेतल्या ‘फेनोकॅम’ या जाळ्यात जंगलांवर, शेतांवर कॅमेरे रोखलेले असतात. पालवी कधी फुटली हे ठरवायला ते फोटोतल्या तांबड्या, हिरव्या आणि निळ्या आकड्यांच्या बेरजेत हिरव्याचा वाटा किती, हे मोजतात. तिन्ही रंगांना एकाच आकड्याने गुणले तर हा वाटा बदलत नाही. उजेड कमी-जास्त झालेला चालतो. पण स्वयंचलित व्हाइट बॅलन्स रंगांना वेगवेगळ्या आकड्यांनी गुणतो. फोटोत फार हिरवे दिसले की ते कमी करू पाहतो. म्हणजे नेमकी जी गोष्ट मोजायची तीच तो झाकतो. म्हणून त्या कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून कायम ठेवलेला असतो. छायाचित्रकाराला जी सोय, ती वनस्पतिशास्त्रज्ञाला अडचण.

संध्याकाळ उतरताना

टाइमलॅप्समधले सर्वांत कसाचे दृश्य म्हणजे दिवसाची रात्र होणे. भर उन्हातला सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पट तेजस्वी असतो. आपला डोळा हा उतार नकळत सांभाळतो. कॅमेऱ्याला पायऱ्यांनी उतरावे लागते. त्याची नेहमीची पायरी एक-तृतीयांश स्टॉपची, म्हणजे प्रकाशात सुमारे २६ टक्क्यांची उडी. चार लाख पट फरक भरून काढायला अशा छप्पन्न पायऱ्या लागतात.

समजा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कुणी सूर्यास्त टिपतो आहे आणि दोन तासांत त्याला अशा चाळीस पायऱ्या उतराव्या लागल्या. मघाच्या हिशेबाने फिल्म एकोणतीस सेकंदांची. म्हणजे सेकंदाला एकाहून अधिक झटके. दऱ्या हळूहळू काळोखात बुडत जातात, मध्येच उजळतात, पुन्हा बुडतात. करवतीच्या दात्यांसारखा आलेख.

यावरचा उपाय हिशेबी आहे. प्रत्येक फोटोच्या फाइलीत शटर किती वेळ उघडे होते, संवेदनक्षमता किती ठेवली होती, अ‍ॅपर्चर किती होते, हे नोंदलेले असते. त्यामुळे कोणत्या फोटोला उडी मारली आणि किती, हे नेमके माहीत असते. सॉफ्टवेअर उडीनंतरच्या पहिल्या फोटोचा उजेड तेवढाच खाली ओढते आणि पुढची उडी येईपर्यंत तो ताण थोडाथोडा सैल करत नेते. पायऱ्यांची घसरगुंडी होते. ‘एलआरटाइमलॅप्स’सारखी सॉफ्टवेअर यासाठीच प्रसिद्ध आहेत. संपादक सातशे फोटोंतले पाच-सहा निवडून त्यांचा उजेड आणि रंग मनासारखा करतो. मधल्या फोटोंना कोणत्या मात्रेत काय द्यायचे हे संगणक आखतो. मूळ रॉ फाइलीला हात लागत नाही. सगळ्या सूचना शेजारच्या एका छोट्या फाइलीत लिहिल्या जातात आणि केव्हाही पुसता येतात.

इथेही निवड सुटत नाही. झटके काढताना उतार किती ठेवायचा? उजेड पूर्ण समान केला तर मध्यरात्र दुपारसारखी दिसेल. फार ठेवला तर शेवटचे दहा सेकंद पडदा काळा. तिन्हीसांजेची कातरवेळ पडद्यावर किती रेंगाळावी, हे कॅमेऱ्याने ठरवलेले नसते.

स्थिर काय, चर काय

वाऱ्याने ट्रायपॉड हलतो, ऊन लागून जमीन सैल होते, बॅटरी बदलताना कॅमेरा किंचित फिरतो. मग चौकट जागेवर आणावी लागते. संगणक प्रत्येक फोटोत काही ठळक खुणा शोधतो, देवळाचा कळस, खडकाचा कोपरा, आणि त्या आधीच्या फोटोतल्या जागी बसतील असा फोटो सरकवतो, फिरवतो. सरकवल्यावर कडा रिकाम्या पडतात, त्या कापाव्या लागतात. कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा असेल आणि फोर-के फिल्मला ३८४० बाय २१६० पुरत असतील, तर कापायला भरपूर वाव राहतो. मोठ्या फोटोतून छोटी फिल्म काढतात त्याचे हेही एक कारण.

पण खुणा कोणत्या धरायच्या? रात्रीच्या आकाशाचा टाइमलॅप्स घ्या. सह्याद्रीच्या कड्यावर खुणा धरल्या तर कडा स्थिर राहतो आणि तारे तासाला पंधरा अंशांनी ध्रुवाभोवती फिरतात. त्याच फोटोंमध्ये ताऱ्यांवर खुणा धरल्या तर तारे थांबतात आणि कडाच कलंडू लागतो. फोटो तेच. एका फिल्ममध्ये आकाश फिरते, दुसरीत पृथ्वी. जो झगडा माणसाने शतकानुशतके केला, तो इथे एका निवडीत उरतो.

हिमनद्यांच्या अभ्यासाला या निवडीचा मोठा उपयोग झाला. जेम्स बेलॉग या छायाचित्रकाराने २००७ साली ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ सुरू केला. अलास्का, आइसलँड, ग्रीनलँडमधल्या कडेच्या खडकांवर कॅमेरे पक्के बसवले आणि वर्षानुवर्षे दिवसाच्या उजेडात ठरावीक अंतराने फोटो घेतले. खडक न हलणारा, म्हणून त्याच्या तुलनेत बर्फाचे सरकणे आणि आटणे दिसते. खूण बर्फावर धरली असती, तर हिमनदी जागच्या जागी आणि पर्वत पळताना दिसले असते.

काही वेळा चौकटीतले ‘नको ते’ पुसणे हाच मुख्य संस्कार असतो. गूगल अर्थमधला टाइमलॅप्स १९८४ पासूनच्या उपग्रहचित्रांवर उभा आहे. मुंबई-ठाण्याभोवती खाडीकाठ कसा बदलला, नवी मुंबई कशी पसरली, हे त्यात वर्षा-वर्षाच्या फ्रेममध्ये दिसते. त्यातली प्रत्येक फ्रेम हा एका दिवसाचा फोटो नाही. वर्षभरात घेतलेल्या अनेक प्रतिमांमधून ढग वगळून, जमिनीच्या तुकड्या-तुकड्याची स्वच्छ प्रतिमा निवडून ते चित्र विणलेले आहे. शहराची वाढ पाहायला हे उत्तमच. पण आपल्याकडे ढग वगळायचे म्हणजे काय वगळायचे? आषाढ-श्रावण. कोकणाची आणि घाटाची जी ओळख आहे, तो पावसाळा या फिल्ममध्ये दोष ठरून जवळजवळ नाहीसा होतो. डोंगर किती हिरवे असतात हे त्यावरून ठरवू गेलो तर फसगत होईल. ती फिल्म त्या प्रश्नासाठी केलेलीच नाही.

न काढलेले फोटो

शेवटची पायरी सर्वांत धाडसी. फोटो कमी पडले तर मधले तयार करायचे.

एक जुनी पद्धत म्हणजे आधीचा फोटो विरत नेऊन पुढचा उमटवत आणणे. यात चालणारा माणूस दोन ठिकाणी अर्धा-अर्धा दिसतो, भुतासारखा. दुसरी पद्धत हुशार आहे. पहिल्या फोटोतला प्रत्येक बिंदू दुसऱ्या फोटोत कुठे गेला, हे संगणक शोधतो आणि मधल्या वेळी तो मध्यावर असेल असे धरून नवी फ्रेम रंगवतो. याला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. त्याच्या दोन पायाभूत रीती, हॉर्न-शुंक आणि लुकास-कनाडे, दोन्ही १९८१ सालच्या. त्यांच्या मुळाशी गृहीतक असे, की एखाद्या बिंदूची उजळता हलताना बदलत नाही आणि तो थोडाच हलतो. ढगांसाठी, संथ पाण्यासाठी हे पुष्कळदा चालून जाते. पण कळीतून पाकळी बाहेर येते तेव्हा ती आधीच्या फोटोत नसतेच. जे नव्हते ते कुठून आले, हे शोधताना संगणक गोंधळतो आणि पाकळीच्या जागी रबरासारखा ताणलेला डाग काढतो. जन्म त्याला समजत नाही, फक्त स्थलांतर समजते.

याचे एक प्रांजळ उदाहरण खगोलशास्त्रात आहे. एचआर ८७९९ हा सुमारे १३० प्रकाशवर्षे दूरचा तारा. त्याच्याभोवती फिरणारे चार ग्रह दुर्बिणीतून थेट टिपले गेले आहेत. २०१७ च्या सुरुवातीला त्यांची एक फिल्म जगभर पाहिली गेली. मधला तारा झाकलेला आणि चार ठिपके आपापल्या कक्षेत डौलाने सरकताहेत. हवाईच्या केक दुर्बिणीतून सात वर्षांत घेतलेली फक्त सात चित्रे त्यामागे होती. सेकंदाला पंचवीसने दाखवली असती तर एक-तृतीयांश सेकंदही भरला नसता. उरलेली हालचाल गणिताने भरलेली होती आणि करणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगितले होते. कक्षांची गती संथ आणि नियमबद्ध असल्यामुळे तो अंदाज सयुक्तिकही होता. इथे निसर्गनियमाचा आधार आहे. बाजारातल्या गर्दीच्या दोन फोटोंमध्ये असा कुठलाच नियम नसतो. तिथे मधली फ्रेम ही फक्त कल्पना.

या प्रश्नाला चलच्चित्रांच्याही आधी एकाने उत्तर शोधून ठेवले होते. चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिसच्या मदतीने १८८० साली ‘द पॉवर ऑफ मूव्हमेंट इन प्लांट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रोपाचे शेंडे सतत गोल डोलत असतात, हे त्याला दाखवायचे होते. कॅमेरा तर नव्हता. त्याने शेंड्याला काचेचा बारीक तंतू चिकटवला, समोर काच धरली आणि काही काही वेळाने शेंडा जिथे दिसेल तिथे काचेवर ठिपका दिला. मग ठिपके रेषांनी जोडले. हा हाताने काढलेला टाइमलॅप्सच. जोडलेली रेषा म्हणजे आजच्या भाषेत मधल्या फ्रेम. दिवसा ठिपके दाट असत, तिथे रेषा अखंड. रात्री निरीक्षण होत नसे. संध्याकाळचा ठिपका आणि सकाळचा ठिपका यांना जोडणारी रेषा त्याने तुटक काढली. शेंडा तिथून इथे आला हे खरे, पण याच वाटेने आला याची हमी नाही, असे ती तुटक रेघ सांगते.

पुढे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने १८९८ ते १९०० च्या दरम्यान वनस्पतींच्या हालचालींचे टाइमलॅप्स चित्रण केले, १९१० मध्ये इंग्लंडच्या पर्सी स्मिथने ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’मध्ये प्रेक्षकांना फुले उमलताना दाखवली आणि दोन वर्षांनी फाळक्यांच्या कुंडीत वाटाणा रुजला. कॅमेरा आला, ठिपके दाट झाले, रेषा सुरेख झाली. मात्र अखंड आणि तुटक यांतला फरक चित्रातून गेला. पडद्यावर सगळ्याच रेषा अखंड दिसतात. काढलेली फ्रेम आणि बनवलेली फ्रेम सारख्याच झळाळीने समोरून जातात, आणि संस्कार जितका उत्तम तितका सांधा अदृश्य.

पाहणाऱ्याने काय मागावे

यावरून संस्कार न केलेला टाइमलॅप्स अधिक खरा, असा निष्कर्ष कुणी काढू नये. लुकलुक ही निसर्गात नव्हती, ती पात्यांची होती. ती काढल्यावर फिल्म सत्याच्या जवळच जाते. सूर्यास्ताचे झटके कॅमेऱ्याचे होते, आकाशाचे नव्हते. उलट चौपाटीची फिल्म कसलाही संस्कार न करता खोटी ठरली. प्रश्न संस्कार केला की नाही हा नाही. कशासाठी केला आणि तो परत तपासता येतो का, हा आहे.

सुंदर दृश्यासाठी केलेल्या फिल्मला सगळी सूट असावी. कातरवेळ लांबवा, तारे उजळवा, मधल्या फ्रेम हव्या तितक्या भरा. चित्रकाराला कुणी हिशेब मागत नाही. पण तीच फिल्म एखाद्या नदीबद्दल, टेकडीबद्दल, बांधकामाबद्दल काही सिद्ध करायला पुढे आली, की हिशेब मागायलाच हवा. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. फिल्मखाली चार ओळी पुरतात : मूळ फोटो किती, दोन फोटोंमध्ये अंतर किती, किती फ्रेम संगणकाने भरल्या, आणि काय पुसले. सोबत मूळ फोटो जपून ठेवलेले असावेत, क्रमाने, वेळेच्या नोंदीसह, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला एकेक उघडून पाहता येईल. डार्विनला हे एका तुटक रेघेत साधले होते. आपल्याला चार ओळी लिहाव्या लागतील, इतकाच फरक.